सामान लादून दूर जायचंय? स्टीलची टूरिंग सायकल मागच्या चाकापासून तपासा

टूरिंग सायकल घ्यायची म्हटली की गप्पा दोनच मुद्द्यांवर अडकतात: स्टील कुठलं आणि सायकलचं वजन किती. दोन्ही गोष्टी कंपनीने ठळक छापलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यावर वाद घालायला सोपं जातं. पण पॅनिअर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना टांगायच्या पिशव्या) लावून वीस-पंचवीस किलो सामान घेऊन निघालेल्या माणसाचा खोळंबा यांतल्या कशानेच होत नाही. मागच्या चाकाचा स्पोक तुटतो, कॅरिअरचा बोल्ट निसटतो, एक्सल वाकतो, किंवा घाटात गिअर संपतो. बहुतेक दुखणी सीटच्या मागची. म्हणून दोन सायकली शेजारी ठेवून ताडून बघताना मागच्या चाकापासून सुरुवात करायची आणि फ्रेमवरच्या स्टिकरकडे सगळ्यात शेवटी बघायचं, अशी माझी पद्धत आहे.

आधी कागदावर वजन आणि रस्ता

सायकल बघायला जाण्याआधी एकूण वजन मांडा. स्वार ७० किलो, सायकल १५, सामान २५, पाणी आणि खाणं ५. झाले ११५ किलो. स्टीलच्या टूरिंग सायकली साधारण १३ ते १५ किलोच्या असतात, म्हणजे दोन मॉडेलांत एक किलोचा फरक असला तरी तो एकूण वजनाच्या एक टक्काही नाही. तेवढा फरक तंबू आणि स्टोव्ह निवडताना सहज भरून निघतो.

मग रस्ता. कोकणातला सागरी मार्ग आणि मनाली-लेह यांच्या गरजा वेगळ्या. कोकणात उंची फार नसते, पण खाडी आली की उतार आणि खाडी ओलांडली की लगेच खडा चढ. दिघीहून आगरदांड्याला, वेसवीहून बागमांडल्याला, दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जाताना दोन्ही तीरांवर हाच अनुभव. चढ लहान, पण दिवसभरात कितीतरी, आणि दमट हवेत. मनाली-लेहवर चढ तुलनेने सौम्य, पण तासन्‌तास चालणारे. शेवटी तांगलांग ला ५,३२८ मीटरवर. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो, त्यामुळे पायांतली ताकद तिथे आपोआप कमी होते. टांडीच्या पेट्रोल पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी गाडीवाल्यांसाठी आहे. सायकलवाल्याने ती सायकलच्या दुकानाबद्दल आहे असं समजून वाचावी.

तुमचा प्रवास यांपैकी कुठल्या जातीचा, हे ठरल्याशिवाय पुढची तुलना करू नका.

मागचं चाक

दुकानात सायकल स्टँडवर असेल तर मागे उभे राहा आणि चाकाकडे बघा. गिअरच्या बाजूचे स्पोक जवळजवळ सरळ उभे आणि दुसऱ्या बाजूचे तिरके दिसतील. कॅसेटला, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाला, जागा करून द्यावी लागते म्हणून हे चाक असं एका बाजूला कललेलं बांधावं लागतं. गिअरच्या बाजूच्या स्पोकवर ताण जास्त आणि नेमके तेच हबजवळच्या (हब म्हणजे चाकाचा मधला तुंबा) बाकात तुटतात. कॅसेट काढल्याशिवाय तिथला स्पोक बदलताही येत नाही.

म्हणून तुलनेचे तीन प्रश्न. स्पोक किती? ३२ चालतात, पण लादलेल्या सायकलला ३६ असावेत. स्पोक साधे एकाच जाडीचे आहेत की टोकाला जाड आणि मध्ये बारीक? दुसऱ्या प्रकारचे जास्त टिकतात, कारण ताण बाकावर न येता मधल्या बारीक भागात पसरतो. आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा: चाक कोणी बांधलंय? कारखान्यातून मशीनवर बांधून आलेलं चाक चांगल्या मेकॅनिककडून पुन्हा ताणून घ्यायचं. नुसता आउट काढून भागत नाही. सगळ्या स्पोकचा ताण सारखा करून द्या म्हणून स्पष्ट सांगायचं. या कामाला पैसे लागतात, पण महागड्या गिअरसेटपेक्षा हे पैसे जास्त उपयोगी पडतात.

भारतातल्या स्वस्त गिअरच्या सायकलींबाबत एक गोष्ट आवर्जून तपासा: मागे कॅसेट आहे की फ्रीव्हील (हबवर आट्यांनी फिरवून बसवलेला जुन्या पद्धतीचा संच)? बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. फ्रीव्हीलच्या हबमध्ये गिअरच्या बाजूची बेअरिंग खूप आत असते, त्यामुळे एक्सलचा बराच भाग आधाराविना राहतो आणि सामानाच्या ओझ्याखाली वाकतो, कधी मोडतोही. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग टोकाजवळ सरकते आणि हा त्रास मिटतो. सात गिअरची स्टीलची सायकल स्वस्तात मिळतेय म्हणून घ्यायचा विचार असेल, तर निदान मागचं चाक बदलण्याचा खर्च तिच्या किमतीत धरूनच तुलना करा.

चाकाच्या मापाचा वाद जगभर चालतो. आपल्याकडे त्याला एक खास वळण आहे. गावोगावी मिळणारा २८ × १½ चा टायर, साध्या काळ्या सायकलीचा, तो ६३५ मिलिमीटरच्या रिमचा. ७०० सी म्हणजे ६२२. दोन्हीला लोक सर्रास '२८ इंची' म्हणतात, आणि गावातला दुकानदार मनापासून मदत करायची म्हणून जो टायर काढून देतो तो बसत नाही. २६ इंचीतही तीच गंमत: एमटीबीचा टायर ५५९ चा, तर जुन्या लेडीज सायकलीचा २६ × १⅜ हा ५९० चा. पण ५५९ चा टायर तालुक्याच्या ठिकाणी मिळण्याची शक्यता चांगली, कारण पोरांच्या गिअरच्या सायकली वर्षानुवर्षं त्याच मापाच्या आल्या. उंची कमी असेल तर मी डोळे झाकून २६ इंची निवडेन. चाक लहान म्हणजे मजबूतही. उंच माणसाला ७०० सी घ्यायला हरकत नाही, फक्त एक घडीचा टायर सोबत ठेवावा. दोन्हीत टायरला जागा किती आहे ते बघा. ७०० सी मध्ये मडगार्डसकट ४० मिलिमीटरचा टायर बसत नसेल, तर तिला कुणी काहीही म्हणो, लादून नेण्याची सायकल ती नव्हे.

टाच, पॅनिअर आणि कॅरिअरची भोकं

साध्या रोड सायकलमध्ये पेडलच्या मधल्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंतचं अंतर ४१० मिलिमीटरच्या आसपास असतं. टूरिंग सायकलमध्ये ते ४४० ते ४६० असावं. हे अंतर कमी पडलं तर दर फेरीला टाच पॅनिअरला घासते. मग पॅनिअर मागे सरकवावे लागतात, वजन एक्सलच्या मागे जातं आणि सायकल शेपूट हलवल्यासारखी चालते. आकड्यावर विसंबू नका. आपले नेहमीचे बूट घालून, आपलेच पॅनिअर घेऊन दुकानात जा, लावून बघा, पेडल उलटं फिरवा. पायाचं माप दहा असलेल्या माणसाला आणि सात असलेल्या माणसाला एकाच फ्रेमवर वेगवेगळं उत्तर मिळतं.

मग कॅरिअर जिथे बसतो ती भोकं. फ्रेमला खाली, एक्सलजवळ, दोन स्वतंत्र आटे असले तर उत्तम: एक मडगार्डचा, एक कॅरिअरचा. एकाच बोल्टवर दोन्ही टांगले की बोल्ट लांब होतो आणि ढिला पडतो. पुढच्या चिमट्यावर, अर्ध्या उंचीवर, आरपार आटे आहेत का? पुढचा कॅरिअर खालच्या पातळीवर लावायला ते लागतात. कार्बनचा चिमटा असलेली 'स्टीलची' सायकल इथेच गळते.

कॅरिअर स्टीलचा घ्या. ट्युबस ही जर्मन कंपनी क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील) नळीचे कॅरिअर बनवते आणि तिच्या मागच्या 'कार्गो' मॉडेलची क्षमता ४० किलो धरली जाते. ॲल्युमिनिअमचे कॅरिअर हलके आणि स्वस्त असतात, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर ते जोडाजवळ तडकतात, आणि खेड्यात ॲल्युमिनिअम जोडून देणारा सहसा भेटत नाही. कॅरिअरच्या बोल्टना थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा, आणि ५ मिलिमीटरचे चार-सहा बोल्ट पाकिटात टाका.

गिअर: एक हिशेब स्वतः करून बघा

एवढं गणित सगळ्यांनीच करावं. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात, गुणिले चाकाचा घेर. ४० मिलिमीटर टायरच्या ७०० सी चाकाचा घेर अंदाजे २.१८ मीटर.

पुढे २६, मागे ३६ असेल तर एका फेरीत सायकल १.५७ मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर वेग तासाला ५.७ किलोमीटर. आता रोड सायकलवरून आलेला गिअर घ्या: पुढे ३४, मागे ३२. एका फेरीत २.३२ मीटर, वेग ८.३ किलोमीटर.

आठ टक्क्यांच्या चढावर ११५ किलो वर न्यायला पहिल्या गिअरमध्ये साधारण १४० वॅट लागतात, दुसऱ्यात २१०. टायरचं घर्षण वेगळं. एकशे चाळीस वॅट रोज थोडीफार सायकल चालवणारा माणूस बराच वेळ देऊ शकतो. दोनशे दहा वॅट तासभर देणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. मग फेऱ्या चाळिसावर येतात आणि गुडघे बोलायला लागतात. वरंधा किंवा आंबोली घाट दुपारच्या उन्हात चढताना हा फरक पहिल्या दोन वळणांतच कळतो.

म्हणून लहानात लहान गिअर दीड मीटरच्या जवळपास असावा, ही माझी अट. पुढे ४८-३६-२६ आणि मागे ३४ किंवा ३६ हा जुनाट वाटणारा तीन चकत्यांचा संच अजूनही याच कामासाठी सर्वांत सरस आहे. नऊ गिअरची चेन आणि कॅसेट मिळायला सोपी, किंमतही बरी. पुढे एकच चकती आणि मागे बारा असा नवा संच दिसतो छान, पण त्याची चेन बारीक, कॅसेट महाग, आणि मिळते ती मोठ्या शहरातच.

हँडलच्या टोकाला बसणारे बार-एंड शिफ्टर कुठे दिसले तर नाक मुरडू नका. त्यांतल्या काहींत 'टक-टक' सोडून नुसतं घर्षणावर चालवायची सोय असते. डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) वाकला, केबल ताणली गेली, तरी अंदाजाने गिअर बदलत पुढच्या शहरापर्यंत जाता येतं.

दुसरी वाट रोलॉफची. जर्मनीत १९९८ पासून मिळणारी ही चौदा गिअरची हब: सगळे गिअर हबच्या आत तेलात, बाहेर एकच चकती. सगळ्यात लहान आणि मोठ्या गिअरमधलं अंतर ५२६ टक्के, म्हणजे तीन चकत्यांच्या संचाच्या तोडीचं. मोठा फायदा असा की मागचं चाक दोन्ही बाजूंनी सारखं बांधता येतं, म्हणजे वर सांगितलेलं कललेल्या चाकाचं दुखणं मुळातच जातं. दर ५,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा तेल बदलायचं. तोटा किंमत, आणि आत काही बिघडलंच तर वाटेवरच्या मेकॅनिकच्या हातात काहीच नसतं. वर्षभराच्या जगभ्रमणासाठी मी तिचा विचार करेन. पंधरा दिवसांच्या कोकण-गोवा फेरीसाठी नाही.

ब्रेक

इथे मतं टोकाची आहेत, माझं मत मवाळ आहे. पावसाळ्यात सह्याद्रीतून उतरताना रिमवर घासणारे ब्रेक चिखल दळून रिम झिजवतात, ते डिस्कमध्ये टळतं. डिस्क घ्यायचीच तर केबलवर चालणारी घ्या, केबल कुठेही मिळते. मात्र सायकल एसटीच्या किंवा हिमाचलच्या बसच्या टपावर जाणार असेल तर डिस्कची चकती वाकण्याची तयारी ठेवा: शक्य असेल तर चकतीची बाजू वर करून ठेवा, नाहीतर ती सरळ खोलून बॅगेत टाका. व्ही-ब्रेकचे (रिमवर दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकचे) रबर कोणत्याही तालुक्याच्या गावात मिळतात, हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण.

आता स्टील

४१३० म्हणजे क्रोम-मॉली स्टील. रेनॉल्ड्स ५२० हे त्याच जातीचं. रेनॉल्ड्स ७२५ वर उष्णतेची प्रक्रिया केलेली, म्हणून ते जास्त मजबूत. पण मजबूत म्हणजे ताठ नव्हे. सगळ्या स्टीलचा ताठपणा जवळपास एकच. भारी स्टीलमुळे नळीची भिंत पातळ ठेवता येते, एवढंच. ओझ्याखाली फ्रेम पिळवटेल की नाही हे ठरतं नळीच्या व्यासावर आणि जाडीवर. त्यामुळे हलकी आणि भारी स्टीलची स्पोर्ट सायकल पाठीवर पंचवीस किलो आलं की डुलते, आणि त्याहून साध्या ४१३० ची जाड नळीची फ्रेम गुमान चालते. 'हाय-टेन' लिहिलेलं स्टील कमी ताकदीचं, त्यामुळे फ्रेम जड. वाईट नव्हे, फक्त जड.

'स्टील कुठेही वेल्ड होतं' हे वाक्य मात्र अर्धंच खरं. नळ्या टोकाला जाड आणि मध्ये पातळ असतात; मधली भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासही असते. ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणाऱ्याने तिथे जाड काडी लावली तर भोक पडतं. तडा गेलाच तर गॅसवर पितळेचं ब्रेझिंग करणारा कारागीर शोधा, आणि तोही फक्त जोडाजवळच्या जाड भागासाठी. कॅरिअर मात्र खरंच कुठेही जोडून मिळतो.

मॉडेलं, या चाळणीतून

सर्ली. अमेरिकेतल्या मिनेसोटाची कंपनी. तिच्या लाँग हॉल ट्रकरने या प्रकाराची व्याख्याच घालून दिली: ४१३० ची फ्रेम, रिम ब्रेक, मागे साधं १३५ मिलिमीटरचं हब, आणि मागच्या नळीवर जादा स्पोक अडकवायची सोय. आता ती बंद झाली. परदेशातल्या नातेवाइकांकडून जुनी, चांगल्या अवस्थेतली मिळत असेल तर सोडू नका. तिची वारस डिस्क ट्रकर: डिस्क ब्रेक, थ्रू-ॲक्सल (चिमट्यातून आरपार जाऊन आवळला जाणारा जाड एक्सल), लहान मापांत २६ इंची चाक. कॅरिअर वेगळा घ्यावा लागतो, तो खर्च आधीच धरा. पाच फूट दोन-तीन इंच उंचीच्या बायकांना खरोखर बसणारी टूरिंग सायकल शोधताना पहिला पर्याय हाच.

ट्रेक ५२०. १९८३ पासून चार दशकं चाललेलं मॉडेल. अलीकडच्या आवृत्त्यांत पुढचा-मागचा कॅरिअर बसवूनच मिळत असे. वळणांवर जरा चपळ, शहरातही त्रास देत नाही.

कोना सुत्रा. ब्रुक्सची चामड्याची सीट आणि मडगार्ड सोबत, टायरला भरपूर जागा. खराब रस्ता जास्त असेल तर ही बघावी. चामड्याची सीट आपल्या पावसात झाकून ठेवावी लागते, नाहीतर खोलगट होऊन बसते.

फुजी टूरिंग. रेनॉल्ड्स ५२०, ३६ स्पोक, बार-एंड शिफ्टर. या यादीतली सगळ्यात खिशाला परवडणारी, आणि माझ्या कसोट्यांवर जवळपास सगळीकडे पास. वाचलेल्या पैशांत चाक नीट ताणून घ्या आणि चांगला कॅरिअर टाका.

जेनेसिस टूर द फेर. ब्रिटिश, रेनॉल्ड्स ७२५. काही आवृत्त्यांत डायनॅमो, दिवे, मडगार्ड, कॅरिअर सगळं बसवून येतं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी सुटं सामान जमवत बसण्यापेक्षा हिचा एकत्रित भाव आधी काढावा.

थॉर्न नोमॅड. इंग्लंडच्या सॉमरसेटमधली, २६ इंची चाक, रोलॉफ हब. दणकट आणि महाग. सामान न लादता चालवली तर कंटाळवाणी, पण ती त्यासाठी बनवलेलीच नाही.

भारतात यांतली बरीच मॉडेलं मागवावी लागतात आणि आयात शुल्क धरून भाव चढतो. त्यामुळे किंमत ताडून बघताना सायकल, कॅरिअर, पॅनिअर, मडगार्ड आणि मागच्या चाकाची मजुरी अशी पूर्ण बेरीज करा. नुसत्या सायकलचा आकडा फसवा असतो.

तांदळाची चाचणी

पैसे देण्याआधी सायकल लादून चालवायचीच. जवळच्या किराणा दुकानातून पाच किलो तांदळाच्या चार पिशव्या घ्या. मागच्या दोन पॅनिअरमध्ये एकेक किंवा दीड-दीड, उरलेलं पुढे. पुढे-मागे साधारण ४०-६० अशी वाटणी. सायकलवाला कुरकुर करेल, करू द्या. परत येऊन घ्यायची तयारी दाखवली की तो ऐकतो.

आधी उभ्याने: एका हाताने सीट आणि दुसऱ्याने हँडल धरून सायकल बाजूला हलवा. मागचा भाग उशिरा, लवलवत मागून येतो का? कॅरिअर आणि फ्रेममध्ये सैलपणा आहे का? मग रिकाम्या रस्त्यावर लहान उतार शोधा. वेग पंचवीस-तीसपर्यंत गेला की हँडलवरची पकड सैल करा, सोडू मात्र नका. हँडल थरथरायला लागलं तर दोन्ही गुडघे वरच्या नळीला टेकवा आणि हळूहळू ब्रेक लावा, थरथर थांबते. मग सामान पुढे-मागे सरकवून पुन्हा बघा. वाटणी बदलल्यावर थरथर गेली तर सायकल ठीक आहे. कशीही लादली तरी राहिली तर त्या मापाची फ्रेम तुमच्या ओझ्यासाठी नाही, मग तिच्यावर कुणाचंही स्टिकर असो.

शेवटी चढ. सगळ्यात लहान गिअर टाका आणि बसूनच, हँडल न ओढता चढा. पुढचं चाक भरकटत असेल तर पुढे वजन कमी आहे किंवा हँडल फार जवळ आहे.

सौदा ठरवताना दोन गोष्टी बिलातच घालून घ्या. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना लागणाऱ्या मापाचे सहा-सहा स्पोक, निपलसकट. नंतर नेमकं माप शोधत फिरणं फार जिकिरीचं. आणि डिरेलर अडकतो तो हँगर सुटा निघणारा असेल तर त्याच मॉडेलचे दोन जास्तीचे. फ्रेमलाच जोडलेला स्टीलचा हँगर वाकला तर हाताने सरळ करता येतो. सुटा ॲल्युमिनिअमचा मोडतो, आणि प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा असल्याने दुसऱ्या कुठल्याच सायकलचा त्याला चालत नाही.